डाव्या चाकाचा बोल्ट

आमच्या घरात पाण्याच्या रांजणावर पितळेचं ताट झाकलेलं असे आणि त्या ताटावर एक बोल्ट ठेवलेला असे. चांगला जाडजूड, गाडीच्या चाकाचा बोल्ट. कुणी ताट उचललं की तो घरंगळायचा आणि असा काही खणखणायचा की अव्वा न्हाणीत असो, गच्चीवर असो नाहीतर शेजारी गप्पा मारत असो, तिथून तिचा आवाज यायचाच, “कोन हाय? किती घेतलं?” अव्वा म्हणजे माझी आई. त्या दुष्काळात पाण्याला घरोघरी राखण होती. कुणी कुलूप लावायचं, कुणी म्हातारीला रांजणाशेजारी बसवायचं. आमच्याकडे हे काम बोल्टाकडे होतं, आणि तो कधी झोपायचा नाही. आज नांदेडच्या माझ्या घरात नळ उघडला की पाणी येतं, तरी ताटाचा खणका कुठं ऐकला की माझा हात आपोआप आखडतो.

हा बोल्ट आला होता आमच्या गाडीबरोबर. डिकीत एक कॅनव्हासची पिशवी होती, तिच्यात तो सापडला. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लातूरच्या गोलाईत, त्या गोल बाजारपेठेत, हार्डवेअरचं दुकान. ऑइल इंजिनाचे सुटे भाग, पाइप, रंगाचे डबे, खिळे, नट-बोल्ट यांत त्यांचा जन्म गेलेला. बोल्ट हातात आल्यावर त्यांनी तो दुकानातल्या एकूण एक नटात घालून पाहिला. एकातही जाईना. माप बरोबर, जाडी बरोबर, पण पहिल्याच आट्याला अडायचा. अप्पांनी तो दोनदा हातात खेळवला आणि निकाल दिला, “बाद माल हाय.” अप्पांनी लोखंडाला एकदा बाद म्हटलं की ते बाद. मग अव्वानं तो उचलून रांजणावर नेला. बाद माल कामाला लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

गाडीविषयी सांगायलाच हवं. नांदेडच्या एका वृद्ध वकिलांकडून अप्पांनी ती घेतली. नांदेड निजामाच्या राज्यात असताना वकिलांच्या वडिलांनी ती हैदराबादहून आणवली होती. नाकावरचं कंपनीचं चिन्ह कधीच गळून गेलेलं, त्यामुळे ती कुठल्या मुलखाची हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. गल्लीतली पोरं तिला हत्तीण म्हणायची. आत बसलं की जुन्या चामड्याचा आणि अत्तराचा असा मिळून एक वास यायचा. अप्पांना गाडी कशाला हवी होती? तर लातूर जिल्हा झाला होता! उस्मानाबादचं शेपूट सुटलं होतं. सगळ्या कचेऱ्यांच्या, शाळांच्या, दुकानांच्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ पुसून तिथं ‘जि. लातूर’ लिहायची घाई चालली होती आणि त्याचा रंग आमच्या दुकानातून जायचा. अप्पा म्हणायचे, “जिल्ह्याच्या गावाला राहतो आपन. दाराम्होरं गाडी पायजे.” म्हणजे गाडी दारापुढं पाहिजे होती. चालवायची कुणी, हा विचार त्यांनी केला नव्हता. त्यांची नजर अधू होती आणि धीर त्याहून अधू.

चालवायला काशिनाथ नावाचा ड्रायव्हर ठेवला. माणूस चांगला, पण आपली विद्या डब्यात झाकून ठेवणारा. पंक्चर झालं की आधी आम्हाला लांब पाठवायचा. “वहिनी, तुमी चहा ठेवा. हे बायामान्साचं काम न्हाई.” चहा होईपर्यंत चाक बदललेलं असायचं. त्यानं कसं बदललं हे अप्पांनीसुद्धा कधी पाहिलं नाही. पण गाडी चालवताना त्याला पाय झाकता येत नव्हते, आणि अव्वा मागच्या सीटवर बसून वर्षभर त्याचे पायच बघत होती. पुढं काशिनाथ कुठल्याशा कारखान्याच्या ट्रकवर निघून गेला, तेव्हा अव्वा म्हणाली, “जाऊ द्या. मला येतंय.” अप्पांना ठसका लागला. मुरुडजवळ मामाच्या गावचं तळं त्या वर्षी ठणठणीत कोरडं पडलं होतं, तळाला बैलगाडीची चाकं रुतत नव्हती इतकं. त्या तळ्यात अव्वा गाडी शिकली. मी शेजारी बसून ओरडायची, “अव्वा, ब्रेक! अव्वा, क्लच!” ती हसत हसत तळ्याला फेऱ्या मारायची, मागं धुळीचा लोट. जिथं आधीच्या वर्षी म्हशी डुंबत होत्या तिथं माझी नऊवारी नेसलेली आई हत्तीण पळवत होती. मी तेव्हा सोळा वर्षांची, नुकतीच मॅट्रिकला बसलेली. इतका आनंद मला पुढं फार थोड्या वेळा झाला.

मामाच्या विहिरीला तळाशी का होईना, पाणी होतं. अव्वा दिवसाआड मुरुडला जायची. डिकीत दोन पिंपं, मागच्या सीटवर एक, माझ्या पायाशी दोन घागरी. ते पाणी आमच्या एकट्या घराचं नव्हतं. गल्लीतल्या अकरा घरांना ते वाटलं जायचं. नगरपालिकेचा टँकर कधी यायचा, कधी आला म्हणून नुसतं ऐकू यायचं. मग एके दिवशी नव्या जिल्ह्याच्या नव्या हवालदारानं आम्हाला नाक्यावर अडवलं. अव्वानं कच्चं लायसन दाखवलं. तो म्हणाला, “मावशी, पानी नेऊन राहिलात म्हनून सोडतो. पन पक्कं लायसन करा. पुन्हा गाडी रस्त्यावर दिसली तर ठान्यात लावीन. परीक्षेला जाताना तेवढी दिसली तर चालंल.” झालं. मुरुडच्या फेऱ्या बंद. लायसनचं ऑफिस गावात नवंच सुरू झालेलं, भाड्याच्या जागेत. परीक्षा घेणारे साहेब ठरावीक दिवशीच बाहेरून यायचे. अव्वाला तारीख मिळाली, सकाळी अकरा वाजता, गाडी घेऊन हजर राहायचं. ती चुकली तर पुढची दीड महिन्यानं. दीड महिन्यात मामाच्या विहिरीत काय उरलं असतं आणि गल्लीचं काय झालं असतं, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि त्या दिवशी सकाळी गाडीचं मागचं डावं चाक जमिनीला टेकलेलं! मीच पहिल्यांदा पाहिलं. अव्वानं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं, लिंगपूजा आटोपून कपाळाला विभूती लावली होती, धपाटे आणि ठेच्याचं फडकं बांधून तयार होतं. परीक्षा झाली की तशीच मुरुडला जायची असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं, म्हणून उजाडल्यापासून आमच्या दारापासून थेट हबीबचाचांच्या हॉटेलापर्यंत रिकाम्या घागरींची रांग लागली होती. मी धावत आत गेले. अव्वा बाहेर आली, चाकाकडं पाहिलं, कमरेला पदर खोचला. “हात्तिच्या! पाना आन.” आम्ही दोघींनी मुरुडच्या रस्त्यावर एकदा उजवीकडचं चाक बदललं होतं, कुणाच्या मदतीशिवाय. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. त्यात पुन्हा अमावास्या. बाजार बंद, गॅरेजांना कुलपं. पण आम्हाला गॅरेज लागतंय कशाला!

बोल्ट सापडेपर्यंतच दहा मिनिटं गेली. त्याचं कारण म्हणजे अप्पांची खंडेनवमी. खंडेनवमीला लोक हत्यारं, यंत्रं, गाड्या पुसतात, पूजा करतात. अप्पा रंगवायचे. दुकानात उरलेला चंदेरी ऑइलपेंट ते दरवर्षी चाकांना फासायचे आणि बोल्टांवर तर खास प्रेमानं, दोन-दोन हात. त्यावर हळद, कुंकू, विभूती. दोनच वर्षांत त्या षटकोनी बोल्टांचे गोल लाडू झाले होते. पाना बसेना म्हणून हातोडीनं ठोकून बसवला. अव्वानं जोर लावला, हलेना. मी पान्यावर उभी राहिले, हलेना. तोवर अप्पा आले. अमावास्येमुळे घरीच होते बिचारे. “गंजला असंल. तेल सोडा,” म्हणाले. अव्वानं चमचाभर करडीचं तेल सोडलं. तिला त्या तेलाची हळहळ वाटली हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पाच बोल्ट, पाचही तसेच घट्ट.

मग हबीबचाचा आले. तालमीत वाढलेला माणूस. वय झालं तरी दंड अजून मांडीएवढे. चहाचं आधण तसंच ठेवून आले. “भाभी, हटो जी. तुमी बाजूला व्हा.” त्यांनी अप्पांकडून पंपाच्या पाइपाचा चार फुटी तुकडा मागवला, पान्याच्या दांड्यावर चढवला, पाय रोवले आणि ‘या अली’ म्हणून असा काही झटका दिला की पाइप सर्रकन फिरला. कडाक्! बोल्ट निखळून बाहेर! सगळी गल्ली ओरडली. मी टाळ्या पिटल्या. घागरी घेऊन बसलेल्या बायकांनी चाचांची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. चाचांनी पान्यातून बोल्ट काढून उंच धरला आणि मग त्यांचा हात हळूहळू खाली आला. हातात नुसतं डोकं होतं. बोल्टाचं धड चाकाच्या भोकात, आत, तसंच.

“गया,” चाचा म्हणाले. एवढंच.

मी आयुष्यात पुष्कळ तुटके बोल्ट पाहिले. पुढं नांदेडला वर्कशॉपात तीस वर्षं मी मुलांना आटे पाडायला शिकवलं, त्यामुळं असे प्रसंग रोजचेच. पण तो पहिला. अप्पा म्हणाले, “चार बोल्टांवर चालती की गाडी.” अव्वा म्हणाली, “अहो, चालंल ते. पन साहेब चाकं बघतो. मागच्या खेपेला त्या भुसारवाल्याची गाडी नुसत्या हॉर्नसाठी परत पाठवली त्यानं.” आणि चार म्हणजे तरी कुठले? ते चारही अजून जागचे हलले नव्हते. आणखी एखादा तुटला असता म्हणजे मग सगळंच संपलं. कुणी पाइपाला हात लावायला तयार होईना. आठ वाजून गेले होते.

चाचांना लाज वाटत होती. ते म्हणाले, “मी तोडला, मीच काढतो.” त्यांनी छिन्नी आणि हातोडी मागवली. तुटलेल्या तुकड्याच्या कडेवर छिन्नी तिरपी धरून ते हलकेच ठोकू लागले, बोल्ट सोडवताना फिरवतात तसं, उजवीकडून डावीकडे. मी खाली वाकून, गाल जवळजवळ टायरला टेकवून बघत होते. आणि तो फिरला! मी किंचाळले, “फिरतोय! चाचा, फिरून राहिलाय!” पुन्हा एक टोला, पुन्हा थोडा फिरला. गल्ली पुन्हा उठून उभी. पण मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. तुकडा फिरत होता, पण बाहेर येत नव्हता. आधी भोकाच्या तोंडाशी होता, तो आता करंगळीचं नखभर आत गेला होता. “चाचा, थांबा. हे आत चाललंय.” चाचा म्हणाले, “हातोडी लागून गेला आत, बेटी.” अप्पा म्हणाले, “मंगल, तू बाजूला हो. मोठ्यांना करू दे.” मला राग आला. माझे डोळे त्या तुकड्यापासून वीतभर अंतरावर होते, अप्पांचे पाच हातांवर, आणि तेही अधू.

रागानं मला तहान लागते. आजही. मी आत गेले आणि रांजणावरचं ताट उचललं. बोल्ट घरंगळला, खण्ण! दारातून अव्वानं सवयीनं विचारलं, “किती घेतलं?” आणि मी काही घेतलंच नाही. बोल्ट जमिनीवरून उचलून हातात धरला. दोन वर्षं तो रोज बघत होते, पण कधी नीट पाहिला नव्हता. कोनाड्यात अप्पांचा नट-बोल्टांचा डबा असायचा. त्यातला एक बोल्ट काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी उभे धरले. डब्यातल्या बोल्टाचे आटे उजवीकडं चढत जात होते. रांजणावरच्या बोल्टाचे डावीकडं. जिन्याला एक वळण उजवं असतं आणि एक डावं, तसं. मी बोटानं दोन-तीनदा फिरवून पाहिलं. मग बोल्ट उलटा केला. त्याच्या डोक्यावर, पाण्याच्या डागांखाली, इंग्रजी ‘एल’ कोरलेला होता. पाण्याच्या राखणीवर बसवला म्हणून त्याला कधी रंग लागला नव्हता.

मी कशी बाहेर आले ते आठवत नाही. विळी हातात होती एवढं आठवतं, कारण अव्वा घाबरली. “आगं, विळी कामून आनली?” मी चाकापाशी बसले आणि एका शाबूत बोल्टाच्या डोक्यावरचा रंग खरडायला लागले. चंदेरी पापुद्रे निघाले, मग पिवळी हळद, पुन्हा चंदेरी, पुन्हा हळद, मग लाल. अप्पांच्या दोन्ही खंडेनवम्या एकामागून एक निघत होत्या. आणि सगळ्यांच्या खाली, चकचकीत लोखंडावर, ‘एल’. मी पळत पलीकडं, उजव्या चाकाशी गेले. तिथं खरडलं. तिथं ‘आर’. “अप्पा! अव्वा! डावीकडचे आटे डावे हायत! आपन सोडून न्हाई राहिलो, आपन आवळून राहिलो!”

अप्पा जवळ आले, वाकले, चष्मा वर-खाली केला. मी त्यांच्या हातात रांजणावरचा बोल्ट दिला. त्यांनी तो बोटांत फिरवला आणि त्यांच्या तोंडाचा रंग बदलला. जन्मभर आटे विकणारा माणूस! “डावे आटे असतेत,” ते हळूच म्हणाले, “म्या ऐकलं होतं.” अव्वानं लगेच, “ऐकलं होतं तर दोन वर्सं पान्यावर कामून बसवला त्याला?” बायका हसल्या. मला वाटलं, आता अप्पा रागावणार. पण त्यांनी पाइप चढवलेला पाना उचलला आणि माझ्यापुढं धरला. “घे. तूच फिरव.” चाचा मदतीला पुढं आले, त्यांना त्यांनी हातानं थांबवलं. “तिला फिरवू द्या.”

मी पाना उलट्या बाजूनं लावला. म्हणजे रोज आपण ज्या बाजूला आवळतो त्या बाजूला. सगळा जीव सांगत होता की हे चूक आहे, असं केलं तर आणखी घट्ट होईल. मी डोळे मिटले आणि पाइपावर लोंबकळले. एक करकर आवाज झाला. चंदेरी रंगाचा टवका उडाला, आणि पाना असा सुटला की मी बसकणच मारली. बोल्ट सुटला होता! पुढचा, त्याच्या पुढचा, चारही! जॅक लावला. चाचा “क्या बात है, क्या बात है” म्हणत नाचत होते आणि अव्वा इरकलाची पर्वा न करता मातीत बसून एकेक बोल्ट हातानं काढून ओळीनं मांडत होती. चाक उतरलं. साडेनऊ झाले होते. राहिला आतला तुकडा, जो आम्हीच ठोकून ठोकून आणखी आत पाठवला होता.

छिन्नीनं आता कड राहिली नव्हती. अप्पा दुकानाची किल्ली घेऊन धावले. अप्पांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, एका हातात धोतराचा सोगा. अमावास्येला दुकान न उघडणारा माणूस फळी अर्धी सारून आत शिरला आणि हातानं फिरवायचं ड्रिल घेऊन आला. पंचाच्या टोकदार खिळ्यानं तुकड्याच्या बरोबर मध्यभागी खूण केली. चाचांनी ड्रिलची मूठ छातीनं दाबून धरली, अव्वा दांडा फिरवायला बसली, मी थेंबथेंब करडीचं तेल सोडत होते. लोखंड चिवट. दहा मिनिटं नुसता चकचकीत भुगा. अव्वाच्या कपाळाची विभूती घामानं ओघळली. “यव्वा, जात्यापेक्षा जड हाय गं!” ती म्हणाली, पण थांबली नाही. मी मनात घड्याळ मोजत होते. भोक अर्ध्यापर्यंत गेलं असेल नसेल, आणि ड्रिलचं टोक, बिट, अडकलं. दांडा हलेना. अप्पा ओरडले, “थांब, बिट तुटंल! आत बिट तुटलं तर देवबी काढनार न्हाई!”

पण अव्वानं जोर लावलेला होता. आणि दांडा फिरला, मऊसूत. मला वाटलं, तुटलं. मी वाकून पाहिलं. बिट तुकड्यात घट्ट रुतलं होतं आणि बिटाबरोबर तुकडाही फिरत होता. ड्रिल फिरतं उजवीकडं, आणि डावे आटे सुटतातही उजवीकडं! ज्या अवजारानं दुसऱ्या कुठल्याही बोल्टाला आणखी आत ढकललं असतं, तेच याला बाहेर आणत होतं. “अव्वा, फिरव! फिरव! येतंय!” मी एवढ्यानं ओरडत होते की हॉटेलातली गिऱ्हाइकं कपबश्या हातात घेऊन रस्त्यावर आली. अव्वा फिरवत होती, चाचा मागं मागं सरकत होते, आणि तो तुकडा गोगलगाय शंखातून येते तसा, सावकाश, आटा आटा दाखवत बाहेर आला आणि ड्रिलच्या टोकावर डुलायला लागला. चाचांनी ड्रिल डोक्यावर उचलून धरलं. मी अव्वाच्या गळ्यात पडले आणि रडले. आनंदानं रडतात हे मी ऐकून होते, त्या दिवशी कळलं.

आता तिथं घालायला बोल्ट? सगळ्यांनी एकदम अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी मूठ उघडली. तो मघापासून त्यांच्याच हातात होता, बाद माल. मी तो भोकात धरला आणि उलटा फिरवला. पहिल्या आट्याला अडला नाही. दुसऱ्याला नाही. दोन बोटांनी फिरवत फिरवत तो थेट मुळाशी गेला, जणू दोन वर्षं याचीच वाट बघत होता. स्टेपनी चढवली, सगळे बोल्ट आवळले, या वेळी प्रत्येकाला दोनदा विचार करून. सव्वादहा होऊन गेले होते. हात धुवायला पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण त्या दिवसांत ग्रीसचे हात कुणी पाण्यानं धूत नसे. चाचांनी लाकडाचा भुसा दिला, त्यानं चोळले. काळे ते काळेच राहिले. “चल गं,” अव्वा म्हणाली. अप्पांना मागं बसवलं. ते आयुष्यात पहिल्यांदा तिच्या गाडीत गप्प बसले.

ऑफिसच्या मागं मैदानात चुन्यानं आठाचा आकडा आखलेला होता. साहेब तरुण होते, पुण्याकडच्या भाषेत बोलणारे, सभ्य. इरकल नेसलेली, हात काळे झालेली, कपाळावर विभूतीचा ओघळ असलेली बाई हत्तिणीतून उतरलेली पाहून त्यांनी कागद दोनदा वाचला. अव्वानं आठ काढला, एकही रेघ न पुसता. गाडी मागं घेतली. हात दाखवून वळली. कोरड्या तळ्याचे उपकार. साहेब गाडीभोवती फिरले, डाव्या चाकाशी थांबले. “बाई, चार बोल्ट चंदेरी आणि हा एक काळा?” अव्वा म्हणाली, “त्यो पान्यावरचा हाय साहेब.” साहेबांना काही कळलं नाही. ते कागदावर लिहीत, वर न बघता, ठरलेला शेवटचा प्रश्न विचारते झाले, “बरं, वाटेत चाक पंक्चर झालं, जवळ कुणी माणूस नाही. बोल्ट कसे सोडवाल?”

अव्वानं आपले दोन्ही काळे हात पदराला पुसले, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, “डावीकडचं चाक का उजवीकडचं, ते आधी सांगा साहेब.”

साहेबांनी वर पाहिलं. पेन तसंच राहिलं. “त्यात काय फरक आहे?” त्यांनी खरोखर विचारलं, खोचून नाही. मग अव्वानं त्यांना खाली बसवून, विळीनं खरडलेला ‘एल’ दाखवला, पलीकडं नेऊन ‘आर’ दाखवला. मागून अप्पा सांगत होते, “माझ्या पोरीनं शोधलं. माझी पोरगी ही.” मला मातीत गडप व्हावंसं वाटलं आणि उंच उडावंसंही वाटलं. साहेबांनी सही केली.

मुरुडहून परत आलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. अकरा घरांच्या घागरी एकेक करून भरल्या. हवालदार नाक्यावर भेटला, अव्वानं त्याला पक्कं लायसन खिडकीतून दाखवलं आणि एक तांब्या पाणीही दिलं. चाचांनी हॉटेलातून भजी पाठवली. भाकरी टाकायचं त्राण कुणात नव्हतं. अप्पांनी तो तुटका तुकडा धुतला नाही, पुसला नाही, आपल्या गल्ल्याशेजारी ठेवायला खिशात घातला. आता तो माझ्याकडं आहे.

दिवेलागणीला मला तहान लागली. रांजणावरचं ताट उचललं. खणका झाला नाही, कारण खणखणायला ताटावर काही नव्हतंच. मी दचकले. तरी आतून अव्वाचा आवाज आला, “किती घेतलं?”

“एक तांब्या.”

“हात धुवायला घे की आनिक एक. आज हाय भरपूर.”

“नको, अव्वा. प्यायलाच घेतलं. हात राहू दे तसेच.”

थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि उंबऱ्यावर माझ्याशेजारी बसली. भज्यांचा कागद तिनं मांडीवर घेतला होता. तिनंही हात धुतले नव्हते.